गुडघ्याचे ऑपरेशन : आधी विचारा, मग ठरवा

कोथरूडमधील केळेवाडी, सुतारदरा या वस्त्या टेकडीच्या उतारावर आहेत. रोजची चढ-उतार, त्यात चार घरची धुणीभांडी, उकिडवे बसून फरशी पुसणे. पन्नाशीच्या आत-बाहेर आपल्या आयाबहिणींचे गुडघे दुखू लागतात. मग कोणीतरी सांगते, "दुर्बिणीने गुडघा साफ करून घ्या." त्यासाठी कर्ज काढण्याआधी, कोणता उपचार खरा हे डॉक्टर कसे ठरवतात ते आपण पाहू.

हाडे आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांच्या शोधपत्रिका असतात. अमेरिकेतील 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'ची सुरुवात १८८९ सालची. आपल्याकडे 'इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स' १९६७पासून निघते. तिथे लेख आला की तो त्याच विषयाच्या इतर तज्ज्ञांकडे तपासायला जातो. रुग्ण किती होते? किती वर्षे पाहिले? कोणाला त्रास झाला? पुरावा कच्चा असेल तर लेख परत जातो.

वैद्यकशास्त्राच्या अशाच एका पत्रिकेत २००२ साली अमेरिकेतील एक अभ्यास छापून आला. गुडघे झिजलेले १८० रुग्ण होते. काहींचा गुडघा आतून धुतला, काहींचा खरवडून साफ केला, तर काहींच्या कातडीवर नुसते छेद दिले. दोन वर्षे पाहिले, तरी खऱ्या ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम पडलेला दिसला नाही! मात्र हे झिजेपुरते आहे. मोडलेले हाड, तुटलेला लिगामेंट किंवा सांधा बदलणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. दवाखान्यातही आपण तेच करावे. डॉक्टरांना नम्रपणे विचारा :

१. गुडघ्यात नेमके काय बिघडले आहे?
२. व्यायाम, वजन कमी करणे आणि औषधे यांनी भागेल का?
३. ऑपरेशन केले नाही तर काय होईल?
४. एकूण खर्च किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का?

शंका राहिली तर ससूनमध्ये दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. पण गुडघा एकाएकी सुजून लाल-गरम झाला, ताप आला किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जय भीम!