माळ्यावरची झळाळती फुलदाणी

दिवाळीच्या तोंडावर जुन्या घराचा माळा उतरवला, की पितळेच्या परातीबरोबर, फुटक्या कंदिलाबरोबर एखादी काचेची फुलदाणी हाती लागते. रंग शेंदरी-सोनेरी, पण उजेडात फिरवली की त्यावर निळा, जांभळा, हिरवा सरसरत जातो. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात रॉकेलचा थेंब पसरावा तसा. पितळ वजनावर विकले जाते. काच मात्र भंगारवाला फुकटही नेत नाही, म्हणून ती फुलदाणी एक तर घासूनपुसून पुन्हा शोकेसमध्ये जाते, नाही तर उकिरड्यावर. गोंदिया जिल्ह्यात १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, पुढच्या पिढ्या नागपूर-रायपूरला गेल्या आणि वाडे हळूहळू रिकामे होत आले. अशा घरांत हा प्रसंग दरवर्षी येऊ शकतो. घासण्याआधी आणि फेकण्याआधी ती वस्तू काय आहे हे ओळखता यावे, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट : ही झळाळी म्हणजे रंग नव्हे. साबणाच्या फुग्याला कोणी रंग देत नाही, तरी तो रंगीत दिसतो. अतिशय पातळ पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग उठून दिसतात, काही मावळतात. पापुद्र्याची जाडी बदलली किंवा आपण मान कलती केली, की रंग बदलतो. काचेवरचा हा पापुद्रा धातूच्या ऑक्साइडचा असतो. भट्टीतून काढलेली काच तापलेली असतानाच तिच्यावर कथिलाच्या किंवा लोखंडाच्या क्लोराइडचे द्रावण फवारतात, किंवा त्याच्या वाफेत ती धरतात. जो थर बसतो तो केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो. फुलदाणीचे सारे सौंदर्य तेवढ्यात असते, आणि ते जायलाही तेवढाच अवकाश लागतो.

ही कला माणसाने मातीकडून घेतली. रोमन काळातली काचपात्रे शतकानुशतके जमिनीत पडून होती. ओलाव्याने त्यांच्यातले क्षार निघून गेले, वर पापुद्रे सुटले आणि उत्खननात ती मोरपंखी होऊन बाहेर आली. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपला या कुजण्याची मोहिनी पडली. १८७३ साली व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात लोबमायर या पेढीने अशी झळाळती काच मांडली. पुढे बोहेमियातल्या क्लोस्टरम्यूल येथील लोत्झ कारखान्याने आणि न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनी यांनी तिला श्रीमंतांच्या दिवाणखान्यात बसवले. टिफनींची ‘फावरील’ ही मुद्रा १८९४ची. ही काच हाताने फुंकलेली, एकेक नग वेगळा, किंमत जबर. १९०७मध्ये अमेरिकेतल्या फेंटन कारखान्याने साच्यात दाबलेल्या स्वस्त काचेवर तोच फवारा मारला आणि मक्तेदारी मोडली. हीच ‘कार्निव्हल ग्लास’. पुढे ती जत्रांत बक्षीस म्हणून वाटली जाई, अशा समजुतीतून हे नाव संग्राहकांनी बऱ्याच नंतर पाडले; कारखानदारांनी नव्हे.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात काच स्वदेशीच्या हाताला धरून आली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, घरटी पैसा-पैसा गोळा करून, १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना उभा राहिला. तिथले ईश्वरदास वार्ष्णेय परदेशात काचविद्या शिकून आलेले. पुढे त्यांनी संयुक्त प्रांतात बहजोईला कारखाना काढला. औंध संस्थानातल्या ओगलेवाडीची काच घराघरात गेली ती प्रभाकर कंदिलाच्या रूपाने. गोंदियातही ओनामा ग्लास वर्क्स हा कारखाना होता, हे आज गोंदियातच सांगावे लागते. या साऱ्या काळात आपली गरज उजेडाची आणि औषधाची होती : चिमण्या, बाटल्या, बरण्या. फुलदाणी ही चैन.

ती चैन पुरवली फिरोजाबादने. या गावाचे नाव आपल्याला बांगड्यांमुळे ठाऊक. तिथे १९२८ साली छदामीलाल जैन यांनी जैन ग्लास वर्क्स सुरू केले, आणि या कारखान्याने झळाळत्या काचेच्या फुलदाण्या आणि पेले काढले. फुलदाणीभोवती वेटोळे घातलेला खवल्यांचा मासा, सोंड उंचावलेला हत्ती, मुठीत फुलदाणी धरलेला हात : आकार अस्सल इथले. काही नगांवर झळाळीच्या शेजारी मुद्दाम धुरकट ठेवलेला पट्टा असतो. चकाकी आणि मंदपणा यांची ती जोडी मला टिफनीच्या नुसत्या चकचकाटापेक्षा अधिक आवडते. गंमत अशी, की पाश्चात्त्य संग्राहकांकडे हे नग बरीच वर्षे होते, पण ते कुठले हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. काचेला बोलता येत नाही आणि कारखान्याची छापील सूची हाताशी नाही, म्हणून संग्राहकांनीच नक्षीवरून नावे पाडली. ग्लेन आणि स्टीफन थिसलवुड या ब्रिटिश अभ्यासक दांपत्याने भारतीय कार्निव्हल काचेचा माग काढला, तेव्हा कुठे फिरोजाबादचे नाव त्या जगात रुळले. आपण ज्याला बाजारू म्हणून टाकत होतो, त्याचे नाव-गाव बाहेरच्यांनी विचारले.

तर माळ्यावरचा नग हाती घेतल्यावर आधी तो उपडा करावा. संग्राहक काच बुडापासून वाचतो. जैनच्या कित्येक नगांवर इंग्रजी लिपीत कारखान्याचे चार अक्षरी नाव साच्यातच उमटलेले असते. टॉर्च तिरपी धरली की दिसते. काच पातळ, वजनाला हलकी, आणि बाजूंनी साच्याच्या सांध्याची रेघ. अमेरिकन दाबकाच हाताला जड लागते. बोहेमियन फुंकीव नगाच्या बुडाशी नळी तोडल्याची खूण घासून गुळगुळीत केलेली असते. सहीवर मात्र भाळू नये. लोत्झचे बहुतेक नग बिनसहीचेच निघाले. परदेशी पाठवायच्या मालावर तेवढे नाव असे. उलट टिफनीची आद्याक्षरे सुईने कोरायला कोणालाही वेळ लागत नाही. कोणतीही बोहेमियन झळाळी ‘लोत्झ’ म्हणून खपवणारे विक्रेते तर सगळीकडे आहेत. क्रालिक, रिंडस्कोफ हे बोहेमियातलेच इतर कारखानेही तशीच काच काढत होते. हल्लीच्या शोभेच्या काचेवर यंत्राने चढवलेला इंद्रधनुषी लेप एकसारखा, सपाट असतो. जुन्या फवाऱ्यात हात दिसतो : कुठे दाट, कुठे विरळ, तोंडाशी एक आणि तळाशी दुसरा.

मग स्वच्छता, आणि इथेच सर्वाधिक नग मरतात. राख, चिंच, लिंबू, तारेची घासणी हे पितळेचे सोपस्कार काचेला नकोत. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, सुती फडके. तेही तळाशी टॉवेल अंथरून. ओरखड्याने पापुद्रा निघाला की खाली साधी पांढरी काच उरते आणि तो परत बसवता येत नाही. फुले ठेवून पाणी दिवसेंदिवस राहू देणेही बरे नव्हे. आतल्या बाजूला पांढुरकी साय धरते. ती मळ नसते, पाण्याने काचेतले क्षार खेचून घेतल्याने पडलेला तो डाग असतो. रोमन पात्रांना मातीत जे झाले त्याचाच हा घरगुती, कुरूप प्रकार.

कायद्याचे एक कलम जाणून असावे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १९०० सालची बोहेमियन फुलदाणी त्यात येते. चाळिशीतला फिरोजाबादचा मासा अजून येत नाही. म्हणजे त्याला आज बाहेर जायला वाट मोकळी आहे.

विकायचे असो वा ठेवायचे, नगाबरोबर एक कागद ठेवावा. तो कोणत्या गावच्या कोणत्या घरातला, लग्नात आला की जत्रेतून, कोणत्या सालच्या आसपास, कोणाला आठवते. पुण्याच्या केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांना आणि दिव्यांना मोल आले ते कोणीतरी दारोदार फिरून जमवले म्हणून. काचेचे तसे जमवणे अजून आपल्याकडे फारसे झालेले नाही. कागद पेन्सिलीने लिहावा, आणि तो फुलदाणीच्या आत न घालता खाली ठेवावा. आत घातलेला कागद ओल धरतो.