देवभाताच्या अंगचं बळ

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून आपल्याकडे काही भागांत देवभात शिजतो. तो कुणी पेरत नाही. तळ्याकाठी, दलदलीत आपसूक उगवतो. उत्तरेत त्यालाच तिन्नी किंवा पसही म्हणतात. लोंबी हातात घेतली की लांब, खरखरीत कुसळं बोटांना टोचतात आणि पिकलेला दाणा जरा धक्का लागला की पाण्यात झडतो. भातशेतीत शिरला तर शेतकरी त्याला तण म्हणून उपटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पण याच रानभाताने आशियाची भातशेती एकदा सावरली आहे. १९७०च्या दशकात फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतात एका विषाणूने थैमान घातलं. तपकिरी तुडतुडे रस शोषताना तो पसरवतात. रोप खुजं राहतं, गवतासारखे फुटवे फुटतात, लोंबी जवळजवळ धरतच नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत भाताचे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. लागवडीच्या एकाही वाणात पुरेशी ताकद सापडली नाही. ती सापडली उत्तर प्रदेशातून आणलेल्या ओरायझा निवारा या रानभाताच्या एका नमुन्यात, आणि त्यातल्याही मोजक्याच रोपांत. हा एकच नमुना संग्रहात आला नसता तर?

सुदैवाने हा गुण एका प्रभावी जनुकावर अवलंबून होता. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरे. अडचण वेगळीच होती. त्या जनुकासोबत दाणे झडणं, कुसळं, आडवी पडणारी काडी हेही सगळं येत होतं. संस्थेतले पैदासकार गुरदेवसिंग खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकरित रोपांचा लागवडीच्या वाणांशी पुन्हा पुन्हा संकर केला. दर वेळी रोगाला न बळी पडणारी रोपं तेवढी ठेवायची, बाकीची टाकायची. अशा तीन फेऱ्यांनंतर रानटी वारसा सरासरी सव्वासहा टक्क्यांवर येतो. या कामातून आलेला आयआर ३६ हा वाण १९७६ मध्ये प्रसारित झाला आणि ऐंशीच्या दशकात जगात साधारण १ कोटी १० लाख हेक्टरवर पोचला.

मग त्याच दशकात विषाणूचा दुसरा प्रकार उद्भवला, आणि त्याच्यापुढे निवाराचं जनुक चाललं नाही. एकाच जनुकावर विसंबणं धोक्याचं, म्हणून आता पैदासकार दोन-तीन जनुकं एकत्र आणतात. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा मसुरी या वाणात कडा करपा या रोगाविरुद्ध तीन जनुकं घातली; त्यातलं एक्सए २१ आफ्रिकेतल्या माली देशातल्या रानभाताचं आहे. सुधारित सांबा मसुरी २००८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली.

बियाणं जनुकपेढीत थंड ठेवलं की काम झालं, हे मला पटत नाही. पाकिटातलं बी ज्या वर्षी गोळा केलं त्या वर्षातच थांबतं. तळ्यातला रानभात मात्र दर पावसाळ्यात नव्या रोगाला तोंड देतो, आणि त्यातूनच नवी जनुकं निवडली जातात. तळी बुजली की ही निवड थांबते, हे उघड आहे. जिथे तळं शाबूत आहे तिथेही शेजारच्या शेतातला भाताचा पराग वाऱ्यावर येतो आणि रानभाताशी संकर होत राहतो. बाहेरून कुसळं तशीच, दाणे तसेच झडणारे, पण आतला वारसा दरवर्षी थोडा थोडा आपल्याच वाणांचा होत जातो. शेतांपासून दूर, संकर न झालेला देवभात कुठल्या तळ्यात उरला आहे, याची गावोगाव नोंद आधी व्हायला हवी. राखण त्या तळ्यांची करायची आहे.