पिवळ्या दिव्यावरची चिकटपट्टी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सोयगावकडच्या कापूस उत्पादकाला ‘आर्द्रता’ हा शब्द शिकवावा लागत नाही. खरेदी केंद्रावर गाडी लागते, कापसात मीटर खुपसला जातो आणि छोट्या पडद्यावर एक आकडा उमटतो. सीसीआयच्या खरेदीत तो आठपर्यंत असला तर ठीक, आठ ते बारा असला तर त्या प्रमाणात कपात आणि बाराच्या वर गेला तर कापूस नाकारला जातो. माझ्या अब्बांच्या काळी असे मीटर नव्हते. ते गाठोड्यातली सरकी काढून दाताखाली धरत. टचकन फुटली तर कापूस वाळलेला, नुसती दबली तर ओला.

आकड्यावर आपले बरेवाईट ठरत असेल तर तो आकडा कशाचा, हे विचारायला शिकले पाहिजे. हा धडा मला कापसाने नव्हे, कागदाने दिला.

माझ्या कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ एका छापखान्यात छापायला दिले होते. जानेवारीचे दिवस. मुखपृष्ठ चार रंगांचे, म्हणजे तोच कागद चार शाईंखालून जाणार आणि चारही ठसे एकमेकांवर नेमके बसणार. ते बसेनात. माझ्या नावाच्या प्रत्येक अक्षराला निळसर सावली पडलेली. वर दोन-दोन कागद एकमेकांना चिकटून यंत्रात शिरत होते. मालक म्हणाले, ‘‘हवा कोरडी झालीय. पण त्यासाठी मशीन बसवलंय की, चालू आहे.’’ भिंतीवर कपाटाएवढी पांढरी पेटी होती. तिच्यावर हिरवा दिवा जळत होता. शेजारच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. ‘‘तो पिवळा सारखा लागतो, डोळ्यांना त्रास होतो,’’ असे कामगाराने सांगितले.

हे यंत्र म्हणजे वाफेचा ह्युमिडिफायर. आपल्या घरचा कूलरही हवेत ओलावा सोडतो, पण तो हवा गार करतो. इथे पाणी उकळून त्याची स्वच्छ वाफ हवेत मिसळतात. छापखाने, औषधांचे कारखाने, रुग्णालयांतली शस्त्रक्रियागृहे अशा ठिकाणी ही यंत्रे असतात. त्यातला एक नेहमीचा प्रकार असा : प्लास्टिकच्या बंद सिलिंडरमध्ये पाणी असते, पाण्यात धातूचे इलेक्ट्रोड असतात आणि वीज थेट पाण्यातूनच वाहते. पाणी तापते, उकळते. पाण्याची पातळी जितकी वर, तितका इलेक्ट्रोडचा जास्त भाग बुडतो आणि तितकी जास्त वाफ होते.

दुरुस्तीला आलेला तरुण मेकॅनिक मला म्हणाला, ‘‘चाचा, दिवे नंतर बघू. आधी आकडे वाचा.’’ पडद्यावर चार आकडे होते. आपण मागितलेली आर्द्रता ५५. खोलीतली आर्द्रता ३४. मागणी १००. वाफेचे उत्पादन २५.

पहिले दोन आकडे सापेक्ष आर्द्रतेचे, टक्क्यांत. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ बाळगू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, हे त्यातून कळते. गरम हवेची ही क्षमता मोठी असते. म्हणूनच सकाळी दव पडलेले असते आणि दुपारी, हवेतली वाफ तेवढीच असूनही, ओठ फुटतात.

तिसरा आकडा खोली यंत्राकडे किती मागते ते सांगतो आणि चौथा यंत्र किती देते ते. हे दोन शेजारी ठेवून वाचले की निम्मे निदान होते. मागणीही शंभर, उत्पादनही शंभर आणि खोली तरी कोरडी, तर यंत्र लहान पडते आहे किंवा दार उघडे राहते आहे. खोली कोरडी वाटते पण मागणी शून्य दिसते, तर सेन्सर खोटे बोलतो आहे. कदाचित तो वाफेच्या तोंडाशीच बसवला असेल. मागणी शंभर आणि उत्पादन पंचवीस, तर दुखणे यंत्राच्या पोटात आहे.

आता दिवे. कंपनीगणिक फरक असतो, पण बहुतेक ठिकाणी हिरवा म्हणजे वाफ तयार होते आहे. पुरेशी होते आहे, असे तो म्हणत नाही. लाल म्हणजे यंत्र थांबले आहे : पाणी येत नाही, निचऱ्याची वाट तुंबली आहे किंवा वीज मर्यादेबाहेर ओढली जाते आहे. पिवळा या दोघांच्या मधला. सिलिंडर काठोकाठ भरला तरी हवी तेवढी वीज वाहत नाही, असे तो सांगतो. सिलिंडर नवा असेल तर सुरुवातीला हे स्वाभाविक आहे. पाणी आटत जाते, मागे राहिलेल्या क्षारांनी ते दाट होते आणि वीज नीट वाहू लागली की दिवा विझतो. जुन्या सिलिंडरवर तोच दिवा लागून राहिला तर मात्र समजावे की इलेक्ट्रोडवर क्षार चढले आणि सिलिंडर बदलायची वेळ आली.

मेकॅनिकने सिलिंडर काढून उघडला. आत चुनखडीसारखे पांढरे थर. आपल्याकडचे बोअरचे पाणी उकळणाऱ्या भांड्याच्या तळाशी बसतात, अगदी तसेच. हिरवा दिवा खोटा नव्हता. यंत्र खरोखर चालत होते, पण पाव क्षमतेने. आणि ते सांगणाऱ्या दिव्याचे तोंड आपणच बांधले होते.

गोष्ट इथे संपली नाही. क्षारांचा धसका घेऊन मालकांनी नव्या सिलिंडरला आरओचे शुद्ध पाणी जोडले. चार दिवसांनी पिवळा दिवा पुन्हा हजर, वाफ जवळजवळ नाही. मेकॅनिक हसला. वीज वाहते ती पाण्यातल्या क्षारांमुळे. क्षारच नसतील तर इलेक्ट्रोड काय करणार? फार क्षार यंत्राला मारतात आणि क्षार नसतील तर ते जिवंतच होत नाही. म्हणून असे यंत्र अधूनमधून थोडे पाणी आपणहून सोडून देते आणि ताजे घेते. त्या वेळी होणारा खळखळाट बिघाडाचा नसतो.

कागद आणि हवेचे हे भांडण जुने आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात रंग असेच एकमेकांवर बसत नव्हते. तिथे दमट हवेने कागद फुगत होता. त्यावर विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने जी योजना आखली, तीच आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानली जाते. म्हणजे एसीचा जन्म माणसाच्या गारव्यासाठी नव्हे, कागदासाठी झाला!

माणसाचा विचार कायद्याला करावा लागला. कापूस गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून हवा ओलसर ठेवत. पण दमट उष्म्यात घाम वाळत नाही आणि शरीर तापत जाते. १९४८ च्या कारखाना कायद्यात कृत्रिम आर्द्रतेसाठी स्वतंत्र कलम घातले गेले, कलम १५. हवेत सोडायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतातले असावे, नाहीतर नीट शुद्ध केलेले असावे, असे त्यात होते. आर्द्रता मोजून तिची नोंद ठेवायला लावण्याचा अधिकारही राज्य सरकारांना त्याच कलमाने दिला. मोजणी व्हायची ती दोन थर्मामीटरवर, एक कोरडा आणि एकाच्या टोकाला ओले फडके. यंत्राच्या आकड्याला साक्षीदार हवा, हा शहाणपणा त्यात होता. आज साधा आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो. तो कामाच्या जागेजवळ टांगावा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावा.

एक इशारा मात्र नीट लक्षात ठेवावा. या यंत्रात उकळते पाणी आणि वीज एकाच भांड्यात असतात. बाहेरचे आकडे कोणीही वाचावेत, झाकण मात्र जाणकारानेच उघडावे. पाणी पूर्ण सोडून आणि मुख्य वीज बंद करूनच. आणि वाफ जास्त झाली तरी बरे नव्हे. गार भिंतीवर पाणी साचते, बुरशी धरते. आमच्याच तालुक्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत तर प्रेक्षकांच्या श्वासातल्या ओलाव्याचीही चित्रांसाठी काळजी करावी लागते.

मुखपृष्ठ महिनाभर उशिरा झाले, पण नीट झाले. त्या कामगाराने चिकटपट्टी काढली आणि पेटीशेजारी एक वही टांगली. दिवसातून तीनदा तो चारही आकडे तिच्यात लिहितो. परवा गेलो तेव्हा त्यानेच मला थांबवून सांगितले, ‘‘चाचा, उत्पादन सत्तरवर आलंय. दिवा अजून लागला नाही, पण सिलिंडर आत्ताच मागवून ठेवलाय.’’