जुन्या टेम्पोला तीन मीटर कसे बसवले: टेम्परेचर, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट

गेल्या मे महिन्यात भिवंडीहून माल भरून येताना पप्पांचा सहाचाकी टेम्पो कसारा घाटात बंद पडला. फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. "गाडी गरम झाली रे, वाफ निघतेय," एवढंच म्हणाले. रेडिएटरचा खालचा होज चिरला होता. पाणी थोडंथोडं गळत गेलं आणि लक्षात आलं तोवर हेड गॅस्केट उडालं होतं. हेड उतरवा, फेसिंग करून आणा, नवं गॅस्केट टाका. आठ दिवस गाडी उभी आणि आठ दिवसांचं भाडं गेलं.

डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा कित्येक वर्षं मेलेलाच होता. कुणी तो दुरुस्त केला नाही, कारण पप्पा इंजिन कानाने ओळखायचे. चढावर आवाज जरा जड झाला की बाजूला घ्यायचे. पण हल्ली त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. घरात टीव्हीचा आवाज वाढला तेव्हा ते आमच्या लक्षात आलं होतं. ड्रायव्हरचा डावा कान इंजिनाच्या बाजूला असतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

म्हणून मी दोन रविवार घालवून टेम्पोला तीन मीटर बसवले. ते काम कसं करतात, आकडे कसे वाचायचे आणि बसवताना मी कुठे फसलो, ते या लेखात बघू.

आधी थोडं द्वारकेबद्दल

नाशिकच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. द्वारका म्हणजे आमच्याकडे मुंबई-आग्रा महामार्गावरचा मोठा चौक. माझ्या लहानपणी मुंबईहून धुळ्याकडे जाणारा प्रत्येक ट्रक या चौकातून, जमिनीवरून जायचा. आजूबाजूला बॅटरीवाले, पंक्चरवाले, पाटे बसवणारे, नंबर प्लेट रंगवणारे. तिथेच एका चाचांचं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथे रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसून पप्पांची वाट बघायचो.

चाचांकडे एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तसं. कोणता बेअरिंग वाजतोय ते त्यांना कळायचं. बऱ्याचदा तेवढीही गरज पडायची नाही. पप्पांचा टेम्पो चौकात हळू झाला की चाचा लांबूनच ओरडायचे, "बेल्ट सैल आहे, उद्या ये!" पैसे नाहीत, अपॉइंटमेंट नाही.

मी शाळेत असतानाच महामार्गावर उड्डाणपूल झाला. ट्रक वरून जायला लागले. घाईच्या माणसाला ते सोयीचंच होतं, पप्पाही वरूनच जायला लागले. खाली कोंडी अजून आहे, पण तिच्यात रिक्षा, कार आणि बस. चाचांनी काही वर्षांनी गॅरेज बंद केलं, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. शेजारचे काहीजण आडगावच्या ट्रक टर्मिनलकडे गेले. पूल झाला म्हणून मला तक्रार करायची नाही. पण दर फेरीला आमचं इंजिन फुकट ऐकणारा एक माणूस पुलाखाली राहून गेला, हे आम्हाला घाटात गाडी बंद पडल्यावर कळलं.

दिवा आणि काटा यांत फरक काय?

बहुतेक गाड्यांत ऑइल प्रेशरसाठी लाल दिवा असतो. त्याच्यामागे एक साधा स्विच असतो. ऑइलचा दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेला की स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. आम्हा प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर दिवा 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगतो. दाब ४ बारवरून १ बारपर्यंत उतरला तरी दिव्याच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. गाडी वेगात असताना तो लागला, तर बऱ्याचदा बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं.

काटा मात्र उतार दाखवतो. काल याच चढावर ३ होता, आज २ आहे, म्हणजे काहीतरी बदललंय.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये टेम्परेचरचा काटा मुद्दाम 'शांत' ठेवलेला असतो. पाणी ७५ अंशांवर असो की १०५, काटा मध्यभागीच राहतो. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून ही सोय केलेली असते. त्यामुळे आकडे लिहिलेला वेगळा मीटर काही गाड्यांत उपयोगी पडतो.

सेन्सर आत काय करतो?

टेम्परेचरच्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, करंट वाढतो आणि काटा वर जातो. ऑइल प्रेशरच्या सेन्सरमध्ये एक पातळ पडदा असतो. दाबामुळे तो सरकतो आणि त्याच्याबरोबर रोध कमी-जास्त होतो. व्होल्टमीटरला वेगळा सेन्सर लागत नाही, तो सरळ गाडीच्या सप्लायवर लागतो.

यातून पहिला नियम निघतो: मीटर आणि सेन्सर एकाच सेटचे घ्या. एका कंपनीचा सेन्सर ८० अंशांना जितका रोध देतो तितकाच दुसऱ्या कंपनीचा देईल असं नाही. काटा हलेल, पण आकडा खोटा असेल.

सेन्सर बसवण्याआधी घरी तपासता येतो. मी पातेल्यात पाणी उकळलं, सेन्सर तारेने बांधून आत सोडला आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर जोडला. सेन्सरच्या धातूच्या अंगाला बॅटरीचं निगेटिव्ह द्यायला विसरू नका. काटा ९८ च्या आसपास थांबला. मला वाटलं मीटर चुकतोय. मग आठवलं, नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंच आहे आणि इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. मीटर बरोबर होता. (पातेलं आता गॅरेजच्या कामाला आहे. आईने ते परत घेतलं नाही.)

कोणता आकडा काय सांगतो?

टेम्परेचर: डिझेल इंजिन तापल्यावर साधारण ८० ते ९५ अंशांत राहतं. लांब चढावर १०० पर्यंत गेलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी ११५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. पण होज फुटला की दाब जातो, आणि तेच पाणी शंभरच्या आधीच उकळायला लागतं. काटा थांबायचं नाव न घेता चढत असेल तर बाजूला घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: चढावर काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी निघून गेलं की तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि कमी आकडा दाखवू शकतो. इंजिन जळत असतं आणि काटा म्हणतो थंड आहे. दोन्ही बाजूंचा अचानक बदल म्हणजे गाडी थांबवा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

ऑइल प्रेशर: ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार दाब हवा. पक्का आकडा इंजिनाच्या पुस्तकात बघा. सकाळी ऑइल घट्ट असतं तेव्हा दाब जास्त दिसतो, गरम इंजिन आयडलवर असताना कमी. हे दोन्ही नॉर्मल आहे.

व्होल्ट: बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. चालू इंजिनावर १२.५ च्या खाली म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत नाही, १५ च्या वर म्हणजे रेग्युलेटर बिघडला. मोठ्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते, म्हणून मीटर विकत घेण्याआधी मल्टिमीटरने खात्री करा.

बसवताना काय केलं

१. जुना काटा खरंच मेलाय का ते आधी तपासलं. सेन्सरवरची वायर काढायची, चावी ऑन करायची आणि वायरचं टोक क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवायचं. काटा पूर्ण वर गेला तर मीटर आणि वायर ठीक, सेन्सर गेला. हा उपाय एका वायरच्या जुन्या सेन्सरसाठीच आहे, कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाडीत करू नका. आमचा काटा हललाच नाही.

२. बॅटरीची निगेटिव्ह बाजू आधी सोडवली. काम संपेपर्यंत ती जोडायची नाही.

३. टेम्परेचरचा सेन्सर जुन्या सेन्सरच्याच जागी बसवला. इंजिन पूर्ण थंड असताना थोडं पाणी काढून घ्यायचं.

४. ऑइल प्रेशरसाठी दिव्याचा स्विच काढून तिथे पितळी टी लावली. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा सेन्सर. दिवा राहिलाच पाहिजे. काट्याकडे लक्ष नसताना तोच कामी येतो.

इथे मी फसलो. माझ्या टीचे आटे एनपीटीचे होते, इंजिनाचे मेट्रिक. पाव इंचाहून थोडं मोठं भोक, बघायला सगळं सारखंच. हाताने दोन फेरे गेले आणि मग घट्ट. मला वाटलं आता पाना लावू. नशिबाने थांबलो. आटे जुळत नसताना जोर लावला असता तर ब्लॉकचेच आटे गेले असते. अंबड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे जुना स्विच आणि टी दोन्ही घेऊन गेलो, त्याने मापाचा पितळी अ‍ॅडॅप्टर करून दिला. त्यामुळे सांगतो, आटे डोळ्यांनी ओळखू नका. पिच गेज लावा किंवा जुना भाग सोबत न्या.

५. टेफ्लॉन टेप जपून वापरली. एका वायरच्या सेन्सरला अर्थ आट्यांमधूनच मिळतो. टेप गुंडाळत बसलात तर ऑइल गळणार नाही, पण काटाही नीट हलणार नाही.

६. वायर केबिनमध्ये नेताना मधल्या पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट लावला. नाहीतर पत्र्याची कड वर्षभरात वायर कापते. सायलेन्सरच्या बाजूने वायर नेली नाही.

७. सप्लाय चावीनंतरच्या लाईनवरून घेतला आणि उगमाजवळच ३ अँपिअरचा फ्यूज टाकला. मीटरचे दिवे पार्किंग लाईटच्या वायरला जोडले.

८. अर्थसाठी रंग खरवडून स्वच्छ धातूवर बोल्ट कसला. पहिल्या रात्री हेडलाईट लावले की टेम्परेचर ५ अंशांनी वाढायचं. इंजिन तापत नव्हतं, मीचा अर्थ कच्चा जोडला होता. तो बोल्ट पुन्हा साफ करून कसल्यावर काटा जागेवर आला.

बाजारात ऑइलची नळी थेट मीटरपर्यंत आणणारे यांत्रिक मीटरही मिळतात. ते अचूक असतात, पण नळी तुटली तर गरम ऑइल चालकाच्या पायावर येतं. केबिनसाठी मी ते टाळले.

नवी गाडी असेल तर?

गाडीला ओबीडी पोर्ट असेल तर काहीही कापाकापी करू नका. ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर लावून पाण्याचं तापमान आणि व्होल्ट मोबाईलवर दिसतात. ऑइलचा दाब मात्र सगळ्याच गाड्या देत नाहीत. वॉरंटी चालू असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

घाटातली चाचणी

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तरी टोलचा हिशोब करून पप्पा अजून कसारा घाटानेच येतात. मीही सोबत गेलो. हा चढ असा आहे की रेल्वेच्या गाडीलाही इथे मागून जादा इंजिन लावतात. काटा ८८ वरून ९६ ला गेला, थोडा वेळ थांबला आणि इगतपुरीला पुन्हा ८८. पप्पा पूर्ण घाटभर काही बोलले नाहीत. वर आल्यावर म्हणाले, "आता बघत राहायची सवय लावावी लागेल."

नाशकात शिरताना त्यांनी टेम्पो पुलावर न घेता खालून घेतला. वडाळा नाक्याजवळ चाचा राहतात, त्यांना मीटर दाखवायचे होते. चाचांनी तिन्ही काटे नीट बघितले, कौतुक केलं आणि मग इंजिनाकडे कान केला.

"मीटर बरोबर आहेत. पण टॅपेट वाजतंय, ते यात कुठे दिसतं?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आवाज आला नव्हता. मला आला होता, पण तो टॅपेटचा आहे हे कळलं नव्हतं. पुढच्या रविवारी सेटिंग करून घेतलं. चाचा स्टुलावर बसून सांगत होते, फीलर गेज माझ्या हातात होता.

तेव्हा मीटर जरूर बसवा, पण तापमान, दाब आणि व्होल्ट एवढंच ते सांगतात. बाकीचं ज्यांना ऐकू येतं अशी माणसं तुमच्या गावात अजून असतील, तर अधूनमधून पुलाखालून जात जा.