एचआयव्ही आहे; जोडीदाराला होऊ नये म्हणून काय करावे?

रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर बरेच रुग्ण स्वतःआधी घरच्यांविषयी विचारतात. ‘बायकोला होईल का? मुलांना जवळ घेऊ का?’

मुलांना जरूर जवळ घ्या. एकत्र जेवणे, एकच संडास वापरणे, मिठी मारणे, खोकला किंवा डास यांतून एचआयव्ही पसरत नाही. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. तो पसरतो असुरक्षित लैंगिक संबंधातून, दूषित रक्त व सुयांतून आणि आईकडून बाळाला.

औषध जोडीदारालाही वाचवते

एआरटीच्या गोळ्या रोज वेळेवर घेतल्या की रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, खाली येतो. सरकारी एआरटी केंद्रात औषधे व ही तपासणी मोफत आहे. पहिली तपासणी साधारण ६ महिन्यांनी होते. व्हायरल लोड सतत २०० च्या खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. म्हणजे रोग मुळापासून गेला असे नाही. गोळ्या बंद केल्या की विषाणू पुन्हा वाढतात.

तोपर्यंत काय?

- डॉक्टर रिपोर्ट पाहून सांगेपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम वापरा. इतर गुप्तरोग टाळण्यासाठी तो पुढेही उपयोगी आहे.
- कंडोम फाटला तर जोडीदाराला लगेच दवाखान्यात न्या. प्रतिबंधक औषध जितके लवकर तितके चांगले. ७२ तासांच्या आत ते सुरू व्हावे लागते आणि २८ दिवस घ्यावे लागते.
- सुई, सिरिंज किंवा ब्लेड कोणाला वापरायला देऊ नका. रक्तदान करू नका.
- मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आईचे उपचार नियमित असतील आणि बाळाला जन्मानंतर औषध मिळाले, तर बाळाला संसर्ग होण्याचा धोका खूपच कमी होतो. स्तनपानाचा निर्णयही डॉक्टरांना विचारूनच घ्या.

जोडीदाराला कसे सांगावे?

सगळ्यात अवघड भाग हाच. पण जोडीदाराला आधीच संसर्ग झाला असेल, तर तपासणी लांबवल्याने त्यांचे उपचारही लांबतात. एकट्याने सांगणे जमत नसेल तर दोघे समुपदेशकाकडे या. सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर ते आधी आम्हाला सांगा.

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार तुमची माहिती गोपनीय असते. सासू, भाऊ किंवा मालक यांनी विचारले म्हणून डॉक्टर ती देऊ शकत नाहीत. मात्र जोडीदाराला मोठा धोका असेल आणि समुपदेशनानंतरही तुम्ही सांगणार नाही असे दिसले, तर तुम्हाला आधी कल्पना देऊन डॉक्टर जोडीदाराला कळवू शकतात. तशी वेळ येऊ देऊ नका. तुमच्या तोंडून कळलेले घर सावरायला जास्त मदत करते.

शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. नाव सांगावे लागत नाही.