घरचा अभ्यास : उत्तर सांगावें कीं वाट दाखवावी?

एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी, यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर मालवणजवळचें देवबाग वसलें आहे. येथील मुलांस हिशेब शाळेपूर्वींच भेटतो. रापण ओढली कीं किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडतात. नारळ शेंकड्यानें मोजतात. तरीहि तेंच मूल सायंकाळीं वही उघडून बसलें कीं अडतें. मग घरांतील कोणी वडील मनुष्य घाईघाईनें उत्तर सांगून मोकळा होतो. वहींत बरोबरची खूण पडते. परंतु मूल कोठें अडलें होतें, हें गुरुजींना कळत नाहीं आणि घरच्यांनाहि नाहीं!

‘त्र्याण्णव’ हाच शब्द घ्या. तोंडानें आपण आधीं तीन म्हणतों, मग नव्वद. लिहितांना आधीं नऊ, मग तीन. मूल ३९ लिहितें तें आळसानें नव्हे, कानांवर विश्वास ठेवून. कानडींत दशक आधीं उच्चारतात, म्हणून तेथें हा घोटाळा होत नाहीं. ही अडचण जाणूनच २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत रूढ नांवांबरोबर ‘नव्वद तीन’ असें वाचनहि दिलें गेलें. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यावर वाद माजला व तो विधिमंडळापर्यंत गेला. घरीं मात्र वादाची गरज नाहीं. माडाच्या हिरांच्या दहा-दहांच्या नऊ जुड्या व तीन सुटे हीर मुलापुढें ठेवा. दोन्ही नांवें त्याला आपोआप उमगतील.

पूर्वीं पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत असे. रुपयाचे सोळा आणे होते, तोंवर तिचें रोजच्या व्यवहारांत काम पडे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले व तें काम उरलें नाहीं. तथापि चार सारख्या वाट्यांतील एक म्हणजे पाव, ही समज आजहि अपूर्णांकांचा पाया आहे. आजीनें नुसता पाढा न म्हणवितां नारळाच्या वडीचे चार भाग करून दाखवावे.

लेखनाचेंहि तसेंच आहे. घरीं मालवणी बोलणाऱ्या मुलाच्या मनांत ‘माका’, ‘खंय’ हेच शब्द आधीं येतात. त्यास हंसूं नये. हंसलें कीं मूल गप्प बसतें, आणि गप्प बसलेलें मूल लिहिणार काय? हकीकत आधीं त्याच्या बोलींत सांगूं द्यावी. मग ‘माका’ म्हणजे ‘मला’, ‘खंय’ म्हणजे ‘कोठें’, अशी जोडी लावून तीच त्याच्याकडून लिहवून घ्यावी. लिहिलेलें त्यानेंच मोठ्यानें वाचावें. सुटलेले शब्द त्याचे त्यालाच सांपडतात.

आतां तर हातांतला मोबाइलहि क्षणांत उत्तर देतो. म्हणूनच ‘हें तूं कसें केलेंस?’ असें शांतपणें विचारणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे. एकत्र कुटुंबांत आजोबा, काकू, दादा यांपैकीं एकाला तरी रोज अर्धा तास काढतां येईल. तेवढा वेळ मुलाशेजारीं बसावें, पेन्सिल मात्र त्याच्याच हातीं असूं द्यावी.