धुरंधरांची नऊवारी, मरोळची चित्रकथा

बीएफएच्या सीईटीचा निकाल लागला, प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की कटऑफ, अभिमत विद्यापीठ झाल्यानंतरचं सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट यांवर आठवडाभर भरपूर छापून येतं. पालकांचा एक साधा प्रश्न मात्र तसाच राहतो. मुलगी पेंटिंगला किंवा इलस्ट्रेशनला जायचं म्हणतेय, तर तिला पुस्तकं कोणती आणून द्यायची?

तयार याद्यांना तोटा नाही. कुठल्याही यादीत अँड्र्यू लूमिस असतो, जॉर्ज ब्रिजमन असतो, बेटी एडवर्ड्सचं मेंदूच्या उजव्या बाजूवरचं १९७९ सालचं पुस्तक असतं, प्रकाश आणि रंगासाठी जेम्स गर्नी असतो. यातलं एकही नाव चुकीचं नाही. लूमिसचं मानवाकृतीवरचं १९४३ सालचं पुस्तक तर मोलाचंच आहे. कित्येक दशकं ते छापलंच जात नव्हतं, २०११ मध्ये पुन्हा बाजारात आलं. मधल्या काळात विद्यार्थ्यांनी ते झेरॉक्सवर आणि स्कॅनवर जगवलं. डोक्याचा गोळा, त्याला कापणारी पातळी, आठ डोकी उंचीचा आदर्श देह हे सगळं त्याच्याइतक्या सोप्या पद्धतीने कुणी समजावलेलं नाही.

पण ही यादी घेऊन मरोळच्या मच्छी मार्केटात स्केचबुक उघडा. समोरची कोळीण उकिडवी बसलेली असते, गुडघे छातीशी, एक हात कोयत्यावर, दुसरा गिऱ्हाइकाकडे. आठ डोक्यांचं माप तिथे घडी घालून ठेवावं लागतं. लूमिसची माणसं उभी असतात, खुर्चीत रेलतात, टाचांवर तोल सांभाळतात. मांडी घालणारी, डोक्यावर पाटी घेऊन वळणारी माणसं त्याच्यासमोर फारशी नव्हती. हा त्याचा दोष नाही. आपल्या शेल्फावर दुसरं पुस्तक लागतं, एवढंच.

ते पुस्तक शंभर वर्षांपूर्वी जे.जे.मध्येच तयार झालंय, असं मी ठामपणे म्हणेन. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये कोल्हापूरहून येऊन तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत त्या आवारात राहिले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मकथन १९४० सालचं. ते विद्यार्थ्याने वाचावंच. पण मला इथे आग्रह धरायचाय तो त्यांच्या पुस्तकचित्रांचा. एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’मधली (१९१२) मुंबईच्या गल्लीबोळांतली चित्रं त्यांची. किंकेड यांनी आपल्याकडच्या व्रतांच्या कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने १९१४ मध्ये इंग्रजीत सांगितल्या, त्यातली चित्रंही त्यांचीच. रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’मधल्या (१९२०) स्त्रियासुद्धा त्यांनीच रंगवल्या. पहिली दोन पुस्तकं नेटवर फुकट वाचायला मिळतात. आजीने सांगितलेली आदितवारची कहाणी शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी चित्रकाराने कशी बसवली, हे फोनवर बघता येतं आणि तरीही आपली मुलं ते बघत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

धुरंधरांकडून काय घ्यायचं? आधी वस्त्र. कापड कुठेही सहज पडत नाही, त्याला आधार लागतो. खांदा, कंबर, गुडघा, नितंब हे आधाराचे बिंदू. दोन आधारांमध्ये कापड एकतर ताणलं जातं किंवा झोळीसारखं सैल पडतं. नऊवारीत काष्टा मागे खोचला की मांडीवर ताण येतो, पोटऱ्यांपाशी चुण्या जमतात आणि पदराचं वजन एका खांद्यावरून खाली उतरतं. चुणी कुठून निघते आणि कुठे मरते, हे न कळता काढलेली साडी म्हणजे देहावर चिकटवलेल्या रेघा. धुरंधरांचं एक चित्र घ्यावं, त्यातले फक्त आधाराचे बिंदू टिंबांनी दाखवावेत, मग प्रत्येक टिंबापासून निघणाऱ्या चुण्या पेन्सिलीने ओढाव्यात. नंतर घरातल्या कुणालातरी साडीत बसवून तेच पुन्हा करावं. एका बैठकीत जे समजतं ते महिनाभर तयार फोटोंवरून रेखाटूनही समजत नाही.

जे.जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातातून गेलेलं याहून जुनं पुस्तक म्हणजे ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन खंड, १८९६-९७ सालचे. १८७२ पासून जे.जे.चे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जात आणि भिंतीवरची चित्रं नकलून आणत. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. खंड उरले. त्यांतली हातांच्या मुद्रांची पानं कुठल्याही अॅनाटमीच्या पुस्तकाशेजारी ठेवण्याजोगी आहेत.

आता पुन्हा मरोळकडे. अमर चित्रकथेच्या अंकांवर अनेक वर्षं जो पत्ता छापलेला होता, तो मरोळ-मरोशी रोडवरच्या लोकभारती संकुलातला, एएफएल हाऊसचा. आरे कॉलनीकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका सुरू केली. तिच्यातला अकरा क्रमांकाचा ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. पुढे प्रताप मुळीक आले, महाभारताची मोठी मालिका चितारणारे दिलीप कदम आले, ‘टिंकल’मध्ये वसंत हळबे यांचा शिकारी शंभू आला. इलस्ट्रेशन शिकणाऱ्या मुलासाठी याहून स्वस्त आणि याहून भरगच्च पाठ्यपुस्तक आपल्याकडे नाही. गोरे देव आणि काळे राक्षस, साच्यातल्या नाजूक नायिका ही या मालिकेवरची टीका रास्त आहे आणि विद्यार्थ्याने तीही समजून घ्यावी. पण तेवढ्यासाठी पानाची रचना शिकायचं सोडू नये.

शिकायचं कसं? एक अंक घ्या, पानावर ट्रेसिंग पेपर ठेवा. चेहरे, दागिने, महिरपी सगळं सोडून फक्त मोठे काळे आकार भरा. मग लाल पेन्सिलीने प्रत्येक चौकटीतली क्षितिजरेषा ओढा, निळ्याने संवादांचे फुगे. कागद उचलला की पानाचा सांगाडा हातात येतो. क्षितिज खाली गेलं की माणूस मोठा वाटतो, वर गेलं की गर्दी आणि मैदान दिसतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे आधी बोलणारा साधारणपणे डावीकडे उभा करावा लागतो. म्हणजे कोण कुठे उभा राहणार हे पेन्सिल लावण्याआधी संहिताच ठरवते. फुग्याची जागा शेवटी शोधणाऱ्याचं चित्र फुग्याखाली गुदमरतं. बत्तीस पानांच्या एका अंकात असे निर्णय शेकड्यांनी घेतलेले असतात.

हे इतकं सांगावं लागतं, कारण स्मरणचित्राची आपण लावलेली वाट. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून सीईटीपर्यंत ‘मेमरी’चा पेपर आहे आणि त्यासाठी क्लासमध्ये माणसं पाठ करून घेतली जातात. एक पाठमोरी बाई, एक फुगेवाला, एक छत्रीवाला, एक वाकलेला म्हातारा. विषय भाजी मंडई असो की बस स्टॉप, तेच चौघे येऊन उभे राहतात. परीक्षा पार पडते आणि मुलाचं पाहणं थांबतं. हॅरल्ड स्पीड यांच्या ‘द प्रॅक्टिस अँड सायन्स ऑफ ड्रॉइंग’ या १९१३ च्या पुस्तकात दृश्यस्मृतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. पाहून लक्षात ठेवणं हा सरावाने वाढवायचा गुण आहे, पाठांतराचा नाही, या बाजूने उभं राहणारं हे पुस्तक. किमॉन निकोलाइडिसचं १९४१ सालचं पुस्तकही याच कुळातलं: कागदाकडे न बघता कडा काढा, काही सेकंदांत हालचाल पकडा. या दोघांपैकी एक घ्यावं आणि शेवटच्या पानापर्यंत न्यावं. दोन्ही अर्धवट करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मराठीत शेल्फ रिकामं नाही. प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे चित्रकाराच्या मनात चित्र कसं घडतं याचं पुस्तक, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला वाचलं तर जास्त कळेल. वसंत सरवटे यांचं ‘व्यंगकला-चित्रकला’ आणि शि. द. फडणीस यांचं ‘रेषाटन’ इलस्ट्रेशनवाल्यांनी सोडू नये. अक्षरांसाठी कमल शेडगे यांचं ‘माझी अक्षरगाथा’. जलरंगासाठी मिलिंद मुळीक यांची पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं मुलांच्या हातात असतातच. ते प्रताप मुळीकांचे चिरंजीव, म्हणजे चित्रकथेचा धागा इथेही येऊन मिळतो. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा ‘दृश्यकला’ खंड विकत घेणं सगळ्यांना झेपणार नाही, तो ग्रंथालयात बसून वाचायचा.

मेट्रो ३ झाल्यापासून मरोळ नाक्याचा विद्यार्थी थेट सीएसएमटीला उतरतो, जे.जे. तिथून चालत. हुतात्मा चौकाला उतरला तर जहांगीर, एनजीएमए आणि फाउंटनच्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ठेले एकाच फेरीत होतात. जुने अंक, जुनी कॅटलॉग्ज आणि चांगल्या छपाईची चित्रपुस्तकं तिथे मिळतात. कोरं पुस्तक घेण्याआधी तिथे एक चक्कर मारावी.

एक मागणी मात्र सरकारदरबारी करायची आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. स्पीड १९५७ मध्ये गेले, धुरंधर १९४४ मध्ये. दोघांचंही काम आज कुणालाही छापता येतं. दरवर्षी महाराष्ट्रातली लाखो मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना बसतात, त्यांतली बरीच मराठी माध्यमातली असतात, आणि पाहायला शिकवणारं एक नीट पुस्तक त्यांच्या भाषेत त्यांच्या शाळेत नसतं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्पीडचा मराठी अनुवाद करून घ्यावा, वस्त्र आणि मानवाकृतीच्या प्रकरणांना धुरंधरांची चित्रं जोडावीत आणि कला संचालनालयाने ते पुस्तक प्रत्येक परीक्षाकेंद्राच्या शाळेत पोचवावं. अनुवादकाचं मानधन, छपाई आणि पुस्तक पोचवणं एवढाच खर्च आहे.